वाचकांचे प्रश्न : ‘सोलापूर’चे ‘सोलापर’ कसे झाले?

या महिन्याच्या टपालात मराठी मजकूर एकरूप करणाऱ्या फंक्शनांविषयी, म्हणजे कोडमधल्या एकेक ठरलेले काम करणाऱ्या तुकड्यांविषयी, आणि त्याहून अधिक त्या फंक्शनांची माहिती नीट लिहून ठेवण्याविषयी, पाच पत्रे आली. पाचही सोलापुरातून आलेली आहेत. इंग्रजीत ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात त्यासाठी या सदरात ‘एकरूपीकरण’ हा शब्द वापरला आहे. एकच शब्द संगणकात निरनिराळ्या प्रकारे साठवला गेला असेल, तर त्याला एका ठरलेल्या रूपात आणणे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

प्रश्न : शिकत असताना मी मराठी मजकुरासाठी पायथन या संगणकभाषेत एक छोटी लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) लिहिली आणि आता ती इतर लोकही वापरू लागले आहेत. तिच्यात एकरूपीकरणाची आठ-नऊ फंक्शने आहेत. ‘क्लीन टेक्स्ट’, ‘रिमूव्ह ॲक्सेंट्स’, ‘फिक्स युनिकोड’ अशी त्यांची नावे बोलकी असल्यामुळे प्रत्येकाखाली मी माहितीची एकच ओळ लिहिली आहे. तरीही वापरणाऱ्यांच्या शंका थांबत नाहीत. नावावरूनच काम कळत असेल, तर डॉक्युमेंटेशनमध्ये आणखी काय लिहावे? सोबत कोड पाठवत आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कोड पाठवलात हे फार बरे केले, कारण त्यामुळे नुसत्या तत्त्वावर बोलण्याची वेळ आली नाही. ‘रिमूव्ह ॲक्सेंट्स’ हे आपले फंक्शन दोन गोष्टी करते. आधी ते मजकूर एनएफडी या रूपात आणते, म्हणजे जोडून साठवलेली अक्षरे मूळ अक्षर आणि त्यावरची खूण अशी सुटी करते. नंतर युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने, ज्या खुणांना ‘एमएन’ हा वर्ग दिला आहे, म्हणजे ज्या स्वतः वेगळी जागा न अडवता दुसऱ्या अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, त्या सर्व काढून टाकते. फ्रेंच किंवा स्पॅनिश शब्दांवरच्या तिरक्या रेघा आणि टिंबे यामुळे जातात आणि शोध सोपा होतो, म्हणून ही युक्ती जगभर वापरली जाते. परंतु देवनागरीतील उकार, ऊकार, ऋकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह हीदेखील ‘एमएन’ वर्गातच मोडतात. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग मात्र ‘एमसी’ या दुसऱ्या वर्गात आहेत, म्हणून ते वाचतात.

मी आपल्या जिल्ह्यातील अकरा तालुक्यांची नावे या फंक्शनला देऊन पाहिली. मोहोळ, माढा, करमाळा आणि माळशिरस ही चार नावे जशीच्या तशी परत आली. पंढरपूरचे ‘पढरपर’ झाले, मंगळवेढ्याचे ‘मगळवढा’, सांगोल्याचे ‘सागोला’, अक्कलकोटचे ‘अककलकोट’, आणि उत्तर व दक्षिण सोलापूरचे ‘उततर सोलापर’ व ‘दकषिण सोलापर’. बार्शीची गंमत वेगळीच, कारण ‘बारशी’ हे ‘बारसे’ या शब्दाचे अनेकवचन असल्याने चूक झाली आहे हे वाचणाऱ्याच्या चटकन लक्षातही येणार नाही. ज्याने नमुन्यादाखल माढा आणि मोहोळ एवढीच नावे घेतली असतील, तो फंक्शन निर्दोष आहे असे समजून पुढे जाईल. शंका विचारणारे वाचक पंढरपूरचे असावेत असा माझा कयास आहे.

आता मुद्द्याकडे येतो. ‘ॲक्सेंट काढते’ हे या फंक्शनचे वर्णन लॅटिन लिपीपुरते खरे आहे आणि देवनागरीसाठी ते दिशाभूल करणारे आहे, कारण आपल्याकडे उकार आणि मात्रा हे अक्षराचे दागिने नसून अक्षराचा भागच आहेत. एकरूपीकरणाचे प्रत्येक फंक्शन काही ना काही भेद पुसण्यासाठीच लिहिलेले असते. म्हणून त्याच्या माहितीत सर्वांत आधी हे यावे की कोणता भेद पुसला जातो, आणि त्यामुळे आधी वेगळे असलेले कोणते दोन शब्द यापुढे सारखे ठरतील. हे एकदा स्पष्ट लिहिले की वापरावे की नाही हे वाचणारा स्वतःच ठरवू शकतो. आपल्या या फंक्शनसाठी मी पुढीलप्रमाणे लिहिले असते : “मजकुराचे एनएफडी रूप करून ‘एमएन’ वर्गातील सर्व चिन्हे काढते. लॅटिन लिपीतील शोधासाठी उपयुक्त. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह नाहीसे होते. ‘सोलापूर’ दिल्यास ‘सोलापर’ मिळते. काढलेली चिन्हे परत मिळवता येत नाहीत.” एवढ्या पाच वाक्यांनी निम्म्या शंका मिटतील.

नाव बोलके असण्यावर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. सायकिट-लर्न या प्रसिद्ध लायब्ररीतही याच हेतूचा पर्याय आहे, पण तिथे खूण ओळखण्याची कसोटी वेगळी आहे : वर्ग न पाहता चिन्हाचा ‘कंबाइनिंग क्लास’ हा युनिकोडने दिलेला आकडा शून्याहून वेगळा आहे का, हे पाहिले जाते. देवनागरीतील उकार आणि मात्रांचा हा आकडा शून्य आहे. पाय मोडणाऱ्या चिन्हाचा ९ आणि नुक्त्याचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचा, ७ आहे. त्यामुळे तिथे ‘सोलापूर’ सुखरूप राहते, ‘अक्कलकोट’चे मात्र ‘अककलकोट’ होते. त्याच लायब्ररीत ‘आस्की’ हा दुसरा पर्याय निवडला, तर देवनागरी मजकुरातले एकही अक्षर उरत नाही, कारण आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरत्या जुन्या संचात, न बसणारे सर्व काही टाकून दिले जाते. हेतू एक, नाव जवळपास एक, आणि उत्तरे तीन. कसोटी कोणती हे माहितीत लिहिलेले नसेल, तर हा फरक कोड उघडल्याशिवाय कोणालाही कळणार नाही.

‘क्लीन टेक्स्ट’बद्दल मला कबुली द्यायची आहे. याच नावाचे फंक्शन मी स्वतः कधीकाळी लिहिले होते आणि त्याखाली ‘मजकूर स्वच्छ करते’ एवढेच लिहून ठेवले होते. दोन वर्षांनी ते पुन्हा हाती आले तेव्हा स्वच्छ म्हणजे नेमके काय, हे मलाही सांगता येईना. ‘स्वच्छ’, ‘शुद्ध’, ‘योग्य’ ही मत सांगणारी विशेषणे आहेत आणि माहितीत कृती सांगणारी क्रियापदे हवीत : सलग आलेल्या मोकळ्या जागांची एक जागा करते, ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढते, अमुक चिन्हाच्या जागी तमुक चिन्ह ठेवते. आपल्या फंक्शनमध्ये देवनागरी अक्षरानंतर आलेल्या अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग ठेवण्याची एक पायरी आहे. ‘दु:ख’ असे चुकीचे टंकलेले शब्द त्याने ‘दुःख’ होतात हे चांगलेच आहे. पण ‘नाव:’, ‘पत्ता:’, ‘दिनांक:’ असा अर्जाचा नमुना त्यातून गेला, तर तिन्ही शब्दांना विसर्ग लागून अर्ज संस्कृतात भरायचा आहे असे वाटू लागते. ही पायरी कोठे चालते आणि कोठे चालत नाही याचे एकेक उदाहरण माहितीत द्यावे. निम्म्या लोकांना ती नकोच असेल, म्हणून ती आपोआप चालण्याऐवजी मागितली तरच चालावी असे माझे मत आहे.

‘फिक्स युनिकोड’ हे फंक्शन पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलकडून एनएफसी रूप, म्हणजे सुटे अक्षर आणि खूण शक्य तिथे पुन्हा जोडलेले रूप, करून घेण्यापलीकडे काही करत नाही. यात गैर काही नाही. पण ‘फिक्स’ या शब्दामुळे आता सर्व काही दुरुस्त झाले असा समज होतो, म्हणून एनएफसी काय करत नाही हे इथे लिहिणे भाग आहे. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे आले. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र लावून लिहिले जाई आणि तसा मजकूर अजून सर्वत्र पडलेला आहे, कोणी हिंदी कळफलकावरचे तिसरेच अक्षर वापरतात. तिन्ही प्रकार वाचणाऱ्याला एकच वाटतात, परंतु युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही, आणि म्हणून एनएफसी, एनएफडी किंवा त्यांची ‘के’वाली भावंडे यांपैकी कोणीही त्यांना एकत्र आणत नाही. ते काम करणारे वेगळे फंक्शन लागते आणि ‘फिक्स युनिकोड’च्या माहितीत त्या दुसऱ्या फंक्शनचे नाव असायला हवे.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. फंक्शन एकदा चालवले काय आणि दोनदा चालवले काय, उत्तर तेच येईल का, हे लिहावे. दोन मोकळ्या जागांची एक करणारे आपले फंक्शन चार जागा दिल्यास दोन परत करते, म्हणजे ते या कसोटीवर उतरत नाही आणि ती चूक दुरुस्तच करावी. मजकूर तुकड्या-तुकड्यांनी देता येईल का हेही लिहावे, कारण फाइल वाचताना ‘र’ एका तुकड्याच्या शेवटी आणि त्याचा नुक्ता दुसऱ्याच्या सुरुवातीला पडला, तर दोन्ही तुकडे वेगवेगळे एनएफसी असूनही त्यांची बेरीज एनएफसी राहत नाही. आणि लांबीविषयी बोलताना एकक सांगावे. ‘सोलापूर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पायथन त्याची लांबी ७ सांगते, आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तो २१ बाइटांची जागा घेतो. शोधलेला शब्द रंगवून दाखवणाऱ्याला यांपैकी कोणता आकडा हाती येणार आहे हे आधी कळायला हवे.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक असून हौसेने मुद्रितशोधन करतो. आमच्या मंडळींनी जमवलेली शब्दसूची एका विद्यार्थ्याने संगणकावर ‘एकसारखी’ करून दिली, तेव्हा ‘दऱ्या’ या शब्दाचे सर्वत्र ‘दर्या’ झाले. ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ झाले, म्हणजे स्वयंपाकी एकदम गुरुजी झाला. विद्यार्थी म्हणतो की त्याने फक्त न दिसणारी चिन्हे काढली. न दिसणाऱ्या चिन्हाने दिसणारा शब्द कसा बदलेल?
— एक वाचक, नवी पेठ

उत्तर : आपला विद्यार्थी खरे बोलतो आहे, आणि चूक त्याच्यापेक्षा त्याने वाचलेल्या, किंवा वाचायला न मिळालेल्या, माहितीची आहे. ‘दऱ्या’मधला आडव्या लहरीसारखा अर्धा र लिहिण्याचे युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ‘इस्की’ या भारतीय मानकाशी जुळणारा आहे : खाली टिंब असलेला ‘ऱ’, म्हणजे युनिकोड क्रमांक यू+०९३१, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ‘य’ लिहायचा. दुसरा मार्ग युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून टिकवलेला आहे : साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह, मग यू+२००डी हा शून्य रुंदीचा जोडक, आणि मग ‘य’. जोडक स्वतः दिसत नाही. पण आधीच्या ‘र’ने रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न बसता अर्धेच राहावे, ही सूचना तोच देतो. तो काढला की उरतो साधा ‘र’, मोडलेला पाय आणि ‘य’, आणि हा तर ‘दर्या’. डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र झाला तो असा.

इंग्रजी मजकुरात शून्य रुंदीची चिन्हे बहुधा नको असलेला कचरा म्हणूनच येतात, म्हणून ती सरसकट काढणारी फंक्शने जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत सापडतात आणि त्यांच्या माहितीत ‘अदृश्य चिन्हे काढते’ याखेरीज काही नसते. मराठीसाठी त्या माहितीत ठळकपणे असे हवे : “यू+२००डी काढल्यास ‘दर्‍या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद नाहीसा होतो; हे फंक्शन चालवण्यापूर्वी ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जोडक ही त्रयी ‘ऱ’ व पाय मोडण्याचे चिन्ह या जोडीत बदलून घ्यावी.” हा बदल एनएफसी करून देत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने हे दोन मार्ग समतुल्य नाहीत, तो आपणच लिहावा लागतो.

हाच शब्द आणखी एका वाटेने बिघडतो आणि ती वाट अधिक फसवी आहे. हिंदी-उर्दू शब्दांतील नुक्ते काढून ‘ज़’चे ‘ज’ करणारे फंक्शन बऱ्याच जणांना हवे असते. त्यासाठी आधी एनएफडी रूप केले, तर ‘ऱ’सुद्धा ‘र’ आणि नुक्ता असा फुटतो, आणि नुक्ता काढताच ‘दऱ्या’ पुन्हा ‘दर्या’ होतात. त्याऐवजी एनएफसी रूप केले, तर युनिकोडच्या एका जुन्या अपवादामुळे काम बरोबर होते. यू+०९५८ पासून यू+०९५एफ पर्यंतची ‘क़’, ‘ख़’, ‘ज़’, ‘फ़’ इत्यादी आठ अक्षरे एनएफसीमध्येही सुटीच राहतात; ‘ऱ’ मात्र एकसंध राहतो. म्हणजे एनएफसीनंतर नुक्ता काढला, तर ‘ज़’चा नुक्ता जातो आणि मराठीचा ‘ऱ’ वाचतो. दोन पायऱ्यांपैकी पहिलीत एका अक्षराचा फरक, आणि मराठीपुरता निकाल उलटा. म्हणून नुक्ता काढणाऱ्या फंक्शनच्या माहितीत आतल्या पायऱ्यांचा क्रम लिहिणे हा शिष्टाचार नसून गरज आहे.

आपल्या सूचीबद्दल सांगायचे तर मूळ फाइल ठेवली असेल तरच ती सुधारता येईल. ‘दर्या’ हा स्वतः खरा शब्द असल्यामुळे बिघडलेली नोंद कोणती आणि मुळातली कोणती, हे यंत्राला ओळखता येणार नाही. विद्यार्थ्याला रागावू नये. त्याला ‘आचारी’ आणि ‘आचार्य’ यांची सामान्यरूपे समजावून द्यावीत आणि ती जोडी त्याच्या फंक्शनच्या चाचणीत कायमची बसवून घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे चादरी आणि टॉवेलांच्या मापांचा हिशेब संगणकात आहे. एकरूपीकरणाच्या फंक्शननंतर ‘२½’ हे माप ‘२१/२’ असे काहीसे दिसू लागले. देवनागरी आकडे मात्र इंग्रजी झाले नाहीत, जे आम्हांला हवे होते. असे उलटे का?
— एक वाचिका, अशोक चौक

उत्तर : आपल्या फंक्शनमध्ये एनएफकेसी हे रूप वापरलेले असणार. यातला ‘के’ सुसंगतीसाठी ठेवलेल्या चिन्हांचेही साध्या चिन्हांत रूपांतर करतो. ‘½’ या एका चिन्हाचे १, अपूर्णांकाची तिरकी रेघ आणि २ अशी तीन चिन्हे होतात आणि ती आधीच्या २ ला जाऊन चिकटतात. अडीचाचे एकवीस छेद दोन होतात ते यामुळे. ‘मी²’मधला वरचा लहान दोनही याच न्यायाने खाली उतरतो. उलट देवनागरी ‘५’ आणि इंग्रजी पाच हे युनिकोडच्या मते दोन स्वतंत्र अंक आहेत, एकाचे दुसरे रूप नव्हे, म्हणून एनएफकेसी त्यांना हात लावत नाही. आकडे बदलण्यासाठी वेगळे फंक्शन लिहावे लागेल. नुसती संख्या वाचायची असेल तर तेही नको. पायथनचे ‘इंट’ देवनागरी ‘१२३’ थेट स्वीकारते. मापे असलेल्या रकान्यावर एनएफकेसी कधीही चालवू नये, आणि आपल्याला हे फंक्शन ज्याने दिले त्याने माहितीत ‘½’चे उदाहरण घालावे असे त्याला सांगावे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीत ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’, ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ अशी दोन्ही रूपे आहेत. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराचा भेद पुसणारे फंक्शन लिहून आम्ही संपूर्ण सूची त्यातून काढावी असा विचार आहे. माहितीत काय नोंदवावे? आणि पुढे फंक्शन बदलले तर?
— वाचनालयाचे एक कार्यकर्ते, सात रस्ता परिसर

उत्तर : संपूर्ण सूची त्यातून काढू नये. असे फंक्शन शोधासाठी तुलनेची किल्ली तयार करते. ती किल्ली मूळ नोंदीच्या शेजारी वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि पडद्यावर, कार्डावर किंवा छपाईत मूळ नोंदच दाखवावी. माहितीचे पहिले वाक्य हेच असावे, कारण किल्लीला मजकूर समजून छापण्याचा मोह कधी ना कधी कोणाला तरी होतोच.

पुसल्या जाणाऱ्या भेदाचे उदाहरण शोधायला सोलापुरात लांब जावे लागत नाही. ज्या गावाचा संसार सुतावर चालला, तिथे ‘सूत’ आणि ‘सुत’, म्हणजे धागा आणि मुलगा, एक होतील. ‘दीन’ आणि ‘दिन’, ‘पीक’ आणि ‘पिक’ हेही एक होतील. ग्रंथसूचीच्या शोधात हा तोटा परवडतो, कारण चार जास्तीची पुस्तके दिसली तर वाचक स्वतः निवड करतो; शब्दकोशाच्या कामात तो परवडणार नाही. हा हेतू, आणि त्या हेतूची मर्यादा, माहितीत लिहावी. ‘सोलापुरातील’ हा शब्द मात्र या फंक्शनने ‘सोलापूर’शी जुळणार नाही. प्रत्यय तोडण्याचे काम निराळे आहे आणि तेही इथे करायचा हट्ट धरू नये.

अनुस्वाराच्या बाबतीत नियम अर्धवट लिहिला की अनर्थ होतो. ‘पण्डित’चे ‘पंडित’ करताना पाय मोडलेले अनुनासिक आणि त्यापुढचे व्यंजन एकाच वर्गातले आहेत का, आणि ते व्यंजन स्वतः अनुनासिक नाही ना, हे तपासावेच लागते. नाहीतर ‘जन्म’चे ‘जंम’, ‘वाङ्मय’चे ‘वांमय’ आणि ‘तुम्ही’चे ‘तुंही’ होते. माहितीत बदलणाऱ्या शब्दांइतकीच न बदलणाऱ्या शब्दांची उदाहरणे महत्त्वाची असतात, आणि वरचे तीन शब्द त्या दुसऱ्या गटात अवश्य घालावेत.

फंक्शन बदलले तर जुन्या किल्ल्या निकामी होतात, हे आपण योग्य वेळी विचारले. युनिकोडच्या चार ठरलेल्या रूपांबाबत (एनएफसी, एनएफडी आणि त्यांची ‘के’वाली भावंडे) एक हमी आहे : २००५ सालच्या ४.१ आवृत्तीपासून, त्या त्या वेळी अस्तित्वात असलेल्या अक्षरांचा एकरूप केलेला मजकूर पुढच्या आवृत्त्यांतही एकरूपच राहतो. आपण घरी लिहिलेल्या फंक्शनला अशी हमी नसते. ती आपण द्यायची असते, किंवा देत नाही असे स्पष्ट सांगायचे असते. किल्लीच्या रकान्याशेजारी फंक्शनच्या आवृत्तीचा क्रमांक ठेवावा आणि नियम बदलला की सर्व किल्ल्या नव्याने कराव्यात. अक्षरे मोजण्याच्या बाबतीत तर युनिकोडचेच उत्तर बदललेले आहे. २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम आला, त्यामुळे त्याआधीच्या हिशेबाने सहा अक्षरांचा असलेला ‘अक्कलकोट’ आता पाच अक्षरांचा झाला आहे. अक्षरे मोजणारे काही आपल्या फंक्शनमध्ये असेल, तर युनिकोडची कोणती आवृत्ती धरली आहे ही एक ओळ माहितीत असू द्यावी.

प्रश्न : अशा लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन मराठीत लिहावे की इंग्रजीत? आणि उदाहरणे लिहिताना ‘ॲ’चे दोन प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात, ते वाचकाला वेगळे कसे दाखवावेत?
— एक विद्यार्थिनी, विजापूर रस्ता

उत्तर : दोन्ही भाषांत लिहावे, पण हुबेहूब एकच मजकूर दोनदा नको. इंग्रजी भागात इशारे आधी यावेत, कारण मराठीचा गंध नसलेला कोणी परक्या गावचा प्रोग्रामर आपले फंक्शन मराठी मजकुरावर चालवणार आहे आणि त्याला ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतला फरक डोळ्यांनी दिसणार नाही. मराठी भागात कारणे सविस्तर यावीत, कारण तो शिक्षक, मुद्रितशोधक आणि ग्रंथपाल वाचतील आणि आपल्या चुका तेच दाखवून देतील. उदाहरणे मात्र एकाच ठिकाणी ठेवावीत आणि दोन्ही भागांनी तीच वापरावीत. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय आहे, जी माहितीत लिहिलेली उदाहरणे खरोखर चालवून पाहते. तिच्यामुळे फंक्शन बदलले आणि माहिती जुनीच राहिली, तर ते लगेच उघडे पडते.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांसाठी नुसते अक्षर लिहू नये, त्याचा क्रमांकही लिहावा : एक ‘ॲ’ म्हणजे यू+०९७२, आणि दुसरा म्हणजे यू+०९०५ व यू+०९४५ यांची जोडी. चालणाऱ्या उदाहरणात तर अक्षर थेट न टंकता क्रमांकावरूनच तयार करावे, कारण एखादा संपादक प्रोग्राम किंवा नकल-डकव करताना मधला कोणी आपल्या नकळत मजकूर एनएफसी करून टाकतो. मग सुटा नुक्ता असलेला ‘र’ दाखवणाऱ्या उदाहरणात प्रत्यक्षात एकसंध ‘ऱ’ येऊन बसतो, चाचणी उत्तीर्ण होते, आणि ती नेमके काय तपासते आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही.